नवा लिस्प-एडिटर आणि 'शेतकऱ्यां'चा अर्धा र

कडेगाव हे कराड-विटा मार्गावरील सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे ते राज्यभर ओळखले जाते. एरवी टेंभू योजनेचे पाणी, वांगीच्या सोनहिरा साखर कारखान्याचा ऊसदर आणि सातबाऱ्यावरील नोंदी हे येथील बातम्यांचे नेहमीचे विषय. या तिन्ही विषयांत एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे 'शेतकऱ्यांना'. कागदावर हा शब्द एकाच प्रकारे लिहिला जातो. संगणकात मात्र तो तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो आणि तिन्ही वेळा पडद्यावर तो सारखाच दिसतो.

घोटाळा आहे तो त्यातील अर्ध्या 'र'चा. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक मराठी माणसाला शाळेत शिकवावा लागत नाही, पण संगणकाला तो शिकवावा लागला. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत हा र लिहिण्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडता येतो. साध्या 'र'खाली नुक्ता देऊन पाय मोडता येतो. किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकता येते. कोणत्या कळफलकाने आणि कोणत्या आज्ञावलीने मजकूर टंकित केला यावर हे अवलंबून असते. परिणाम असा, की एका प्रकारे लिहिलेला 'शेतकऱ्यांना' शोधायला गेल्यास दुसऱ्या प्रकारे लिहिलेला अनेक आज्ञावलींना सापडत नाही. शेजारच्या कऱ्हाडचे नाव ज्या यादीत असेल, त्या यादीचीही हीच गत. नोंद असते, पण शोधणाऱ्याला 'नाही' असे उत्तर मिळते.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये शासकीय व निमशासकीय कार्यालयांतील मराठीच्या वापराबाबत जो निर्णय काढला, त्यात संगणकाच्या कळफलकांवर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरेही छापलेली असावीत, अशी तरतूद होती. तरतूद चांगली आहे. पण कळ दाबल्यावर पडद्यावर काय उमटेल, ते कसे साठवले जाईल आणि पुन्हा कसे शोधता येईल, हे कळफलक ठरवत नाही. ते बव्हंशी ठरते 'टेक्स्ट एडिटर' नावाच्या आज्ञावलीत. वृत्तपत्राच्या वाचकाला एडिटर म्हटले की टेबलामागचा संपादक आठवतो. हा एडिटर म्हणजे केवळ मजकूर लिहिण्याचे, खोडण्याचे आणि साठवण्याचे साधन. वर्ड प्रोसेसरप्रमाणे तो ठळक-तिरप्या अक्षरांचा थाट मांडत नाही. प्रोग्रामर मंडळी दिवसाचे आठ-दहा तास त्यात घालवतात आणि जगातील बहुतेक सॉफ्टवेअर याच साधनात लिहिले जाते. म्हणूनच एखादा नवा एडिटर आला की तंत्रज्ञांच्या वर्तुळात त्याची चर्चा होते. गेल्या काही वर्षांत अशी चर्चा 'लेम' या एडिटरची होत आहे.

लेम हा लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला, मुक्त स्रोताचा आणि विनामूल्य मिळणारा एडिटर. त्याची सुरुवात एका जपानी प्रोग्रामरने केली. २०२३ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि तेव्हापासून जपानबाहेरही त्याच्याकडे लक्ष जाऊ लागले. त्याची स्पर्धा आहे ती थेट ईमॅक्सशी, म्हणजे लिस्पवर उभ्या असलेल्या आणि चाळीस वर्षे टिकलेल्या एडिटरशी. बाजूला विम आहे, मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड आहे. एवढे बसलेले गडी असताना नव्याची गरज काय, हा प्रश्न साहजिक आहे. मराठी लिहिणाऱ्याने या स्पर्धेकडे कशासाठी पाहावे, हा त्याहून महत्त्वाचा.

कंसांच्या भाषेचे आयुष्य

लिस्प १९५८ सालची. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी ती मांडली. आज वापरात असलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषांत वयाने तिच्यापुढे फोर्ट्रान असेल, बाकी सगळ्या धाकट्या. तिच्या लेखनात कंसांची इतकी गर्दी असते की नवख्याला वाचताना गुदमरायला होते. पण तिचा एक गुण इतर भाषांना अजून पुरता साधलेला नाही. लिस्पमध्ये लिहिलेली आज्ञा ही स्वतःच एक यादी असते, म्हणजे संगणकाने हाताळण्याचा माल आणि तो हाताळणारी आज्ञा यांचे रूप एकच. त्यामुळे आज्ञावली चालू असतानाच तिचा एखादा भाग काढून तेथे दुसरा बसवता येतो. धावत्या एसटीचे टायर बदलावे आणि प्रवाशांना कळूही नये, तसा हा प्रकार.

एडिटरसाठी हा गुण मोलाचा ठरला. पहिला ईमॅक्स १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तेव्हा तो लिस्पमध्ये नव्हता. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी जो ईमॅक्स लिहिला, तो लिस्पमधला. पुढे स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आणलेल्या ग्नू ईमॅक्समध्ये लिस्पची एक बोली अंगभूत ठेवली. आज आपण ईमॅक्स म्हणतो तो हाच. त्याचा गाभा सी भाषेत आणि त्यावरचा सगळा संसार लिस्पमध्ये. वापरणाऱ्याला जे आवडत नाही ते त्याने स्वतः बदलावे, ही त्यामागची भूमिका. ऐंशीच्या दशकात त्याची थट्टाही खूप झाली. 'आठ मेगाबाइट घेऊनही सतत धापा टाकणारा' अशी त्याच्या नावाची फोड विनोदाने केली जाई. आज आठ मेगाबाइटमध्ये मोबाइलवरचे एक छायाचित्रही धड मावत नाही आणि ईमॅक्स मात्र हलका गणला जातो. त्याची तिसावी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली.

लेमचे म्हणणे असे, की ईमॅक्सची कल्पना योग्य, पण ती अर्ध्यावर थांबली. ईमॅक्समधील लिस्प ही त्याच्यापुरती असलेली बोली. त्या एडिटरबाहेर तिला फारसे कोणी विचारत नाही. शिवाय पडद्यावर अक्षरे रेखाटण्याचे काम सी भाषेतील गाभ्याकडे असल्याने तेथे लिस्प जाणणाऱ्याचा हात पोचत नाही. लेम सबंध कॉमन लिस्पमध्ये आहे. कॉमन लिस्पला १९९४ पासून अमेरिकी प्रमाणसंस्थेची मान्यता आहे आणि एडिटरव्यतिरिक्त इतर कामांतही ती चालते. म्हणजे एडिटर ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत त्याची डागडुजी करता येते, आणि शिकलेली भाषा दुसरीकडेही उपयोगी पडते.

ज्याने ईमॅक्स वापरला आहे त्याला लेममध्ये परके वाटत नाही. फाइल उघडणे, साठवणे, चुकल्यास मागे फिरणे यांच्या कळा त्याच आहेत. विमची सवय असलेल्यांसाठी त्या धाटणीच्या कळाही आहेत. प्रोग्राम लिहिताना चुका दाखवणारी, नावे पुरी करून देणारी जी सोय आजच्या एडिटरांत गृहीत धरली जाते, ती येथेही आहे. गिट या बदलनोंदीच्या प्रणालीसाठी स्वतंत्र पडदा आहे. विशेषतः कॉमन लिस्प लिहिणाऱ्याला लेम उघडल्याबरोबर कामाला लागता येते. ईमॅक्समध्ये त्यासाठी जोडण्या बसवाव्या लागतात. येथवर सर्व ठीक. अडचण सुरू होते ती देवनागरीपाशी.

वेलांटी कोण बसवतो?

'क्षि' हे अक्षर वाचकाला एक दिसते. संगणकासाठी ती चार चिन्हे आहेत: क, पाय मोडल्याची खूण, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. यांतील वेलांटी साठवली जाते शेवटी, पण रेखाटायची असते सर्वांच्या आधी. 'कीर्ती'मधला रफार साठवणीत 'त'च्या अलीकडे असतो आणि पडद्यावर तो 'त'च्या डोक्यावर, वेलांटीच्याही पलीकडे जाऊन बसतो. ही सारी मांडणी करणारे एक स्वतंत्र साधन लागते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ते काम 'हार्फबझ' करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांमध्ये मराठी नीट दिसते ती त्याच्याच कृपेने. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा ब्राउझरच्या सांगाड्यावर उभा असल्याने त्यालाही हे आयतेच मिळाले.

ईमॅक्सला मात्र ते आयते मिळाले नाही. त्याला देवनागरी आली ती जपानमार्गे, ही या इतिहासातील गमतीची गोष्ट. जपानी लिपीतील हजारो चिन्हे एडिटरमध्ये बसवण्याची गरज तेथील संशोधकांना होती. त्सुकुबा येथील इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केनइची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्सला बहुभाषिक करण्याचा 'म्यूल' नावाचा प्रकल्प चालवला. तो केवळ जपानीपुरता न ठेवता जगातील लिप्यांसाठी खुला ठेवला गेला. १९९७ मध्ये ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत तो मिसळला. २००९ मधील तेविसाव्या आवृत्तीत अंतर्गत साठवण युनिकोडच्या पायावर आली आणि २०२० मधील सत्ताविसाव्या आवृत्तीत हार्फबझ जोडला गेला. म्हणजे ईमॅक्समध्ये 'कीर्ती' आज सरळ दिसते, त्यामागे दोन दशकांहून अधिक काळाचे काम आहे, आणि त्यातील बराच वाटा असा माणसांचा, ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती.

आज ईमॅक्समध्ये इनस्क्रिप्ट या भारतीय प्रमाण कळफलकासह देवनागरी टंकलेखनाच्या अनेक पद्धती तयार मिळतात. संगणकाच्या मूळ प्रणालीत काहीही न बसवता, दोन कळा दाबून रोमनमधून मराठीत जाता येते. या पद्धती म्हणजे लिस्पमध्ये लिहिलेले तक्ते आहेत; कोणीही ते उघडून वाचू शकतो आणि एखादी कळ पटत नसेल तर बदलू शकतो. 'शेतकऱ्यांना'चे तीन प्रकार एका प्रकारात आणणारी आज्ञा लिस्पच्या चार-पाच ओळींत लिहून होते. ती लिहिल्यावर फाइल साठवताना ती आपोआप चालेल, अशी सोयही करता येते. नुसते लिहिणाऱ्यासाठी लिस्पवर उभ्या असलेल्या एडिटरचा खरा फायदा हा. दुरुस्तीसाठी कंपनीकडे अर्ज करावा लागत नाही.

लेमकडे हा वारसा नाही. त्याने तो घ्यायचा म्हटला तरी तसाच्या तसा घेता येत नाही, कारण ईमॅक्सचे पडद्यावर रेखाटण्याचे यंत्र सी भाषेत आहे. लेमचे दोन अवतार आहेत. एक टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या खिडकीत चालतो. दुसरा स्वतःची खिडकी उघडतो. टर्मिनलमधील अवतारात अक्षरे कशी दिसावीत हे अखेर टर्मिनलच ठरवते. टर्मिनल म्हणजे सारख्या आकाराच्या चौकटींची जाळी. इंग्रजी अक्षराला एक चौकट, चिनी-जपानी अक्षराला दोन, हा हिशेब ठरलेला आहे. 'क्षेत्र' या शब्दाला किती चौकटी द्यायच्या, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. त्यामुळे एका टर्मिनलमध्ये नीट दिसणारा शब्द दुसऱ्यात तुटतो आणि कर्सर भलत्याच अक्षरावर उभा दिसतो. विमलाही टर्मिनलमध्ये हेच भोगावे लागते. खिडकीवाल्या अवतारात हे बंधन नाही. तेथे प्रश्न उरतो तो एडिटर अक्षरे एकेक करून रेखाटायला देतो की संपूर्ण शब्द एकत्र देतो, हा. एकेक दिले की वेलांटी आणि रफार चुकलेच म्हणून समजावे.

ज्याला लेम अजमावून पाहायचा आहे त्याने म्हणूनच लिस्पची कौतुके वाचण्याआधी एक रिकामी फाइल उघडून पाच-सहा शब्द लिहून पाहावेत. 'क्षत्रिय', 'कीर्ती', 'वाङ्मय', 'दऱ्या', 'श्रीमंत', 'ॲप'. शब्द दिसतात कसे ते पाहावे. मग मधल्या एका अक्षरावर जाऊन ते खोडावे आणि काय उरते ते पाहावे. शेवटी तोच शब्द शोधून पाहावा. शेवटच्या शब्दातील 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली, आणि राज्य सरकारने मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर केली नोव्हेंबर २००९ मध्ये. जुन्या फॉन्टमध्ये तेथे रिकामी चौकट दिसण्याची शक्यता असते. देवनागरी टंकलेखनाचे तक्ते लेममध्ये ईमॅक्सप्रमाणे मुळातून येत नाहीत. संगणकाच्या मूळ प्रणालीतील कळफलकावर विसंबावे लागते. तेव्हा ज्याला रोज मराठीत लिहायचे आहे त्याने ईमॅक्स सोडून आज लेमकडे जावे, असे म्हणण्याजोगी परिस्थिती नाही. सरकारी लिपिकाने किंवा वार्ताहराने तर दोन्हींच्या वाटेला गेलेच पाहिजे असेही नाही. त्यांचे काम ब्राउझरमध्ये आणि वर्ड प्रोसेसरमध्ये भागते.

मग लेमची दखल कशासाठी? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

बंद पेट्यांचा अनुभव

संगणकावरील मराठीची सुरुवात महाराष्ट्रातच जोमाने झाली होती. कानपूरच्या आयआयटीत आकाराला आलेले भारतीय लिप्यांचे 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ चा, भारतीय लिप्यांची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ ची. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतलेली होती. पाया उत्तम होता. पण व्यवहारात छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, वृत्तपत्रांची पाने या सर्वांसाठी कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टांचा सुळसुळाट झाला. यांत मराठी अक्षर संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. ते इंग्रजी किंवा अन्य चिन्ह असते, आणि फॉन्ट त्याला मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की मागे उरतो निरर्थक चिन्हांचा ढीग.

दोन हजारच्या दशकात मराठी दैनिकांची संकेतस्थळे ज्यांनी वाचली त्यांना पान उघडण्याआधी विशिष्ट फॉन्ट उतरवून घ्यावा लागल्याचे आठवत असेल. प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट निराळा. त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवला गेला नसेल, तर आजच्या शोधयंत्रांच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. छापील अंक ग्रंथालयात चाळता येतो, पण त्याच अंकाची संगणकीय फाइल वाचता येत नाही, असा उफराटा प्रकार. तालुक्याच्या गावांतील डीटीपी केंद्रांत आजही जुन्या फॉन्टांत काम चालते, कारण छापखान्याची मागणी तशी असते. अमुक साधन वाईट आणि तमुक चांगले, असा हा वाद नाही. त्या साधनांनी त्या काळाची गरज भागवली. पण त्यांच्या पेट्या बंद होत्या, आणि आत काय बिघडले आहे हे पाहण्याची मुभा वापरणाऱ्याला नव्हती.

बंद पेटीचा धोका केवळ जुन्या काळापुरता नाही. गिटहबने तयार केलेला ॲटम हा एडिटर काही वर्षे तरुण प्रोग्रामरांचा लाडका होता. २०१८ मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टने घेतले आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटमचे काम अधिकृतपणे बंद झाले. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःचा एडिटर असताना दुसरा पोसण्याचे कारण नव्हते. ॲटमचा स्रोत खुला होता म्हणून तो अगदीच पुसला गेला नाही, पण रोजच्या वापरातून तो गेला. याउलट विमचे जनक ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये निवर्तले, तरी विमचे काम थांबले नाही. ते एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नव्हते.

या पार्श्वभूमीवर ईमॅक्सच्या एकोणतिसाव्या आवृत्तीतील एक भर महाराष्ट्राने लक्षात घेण्याजोगी होती. ती जवळपास कोणाच्याच लक्षात आली नाही. जुलै २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत स्वयंसेवकांनी अनेक जुन्या लिप्यांची सोय केली, आणि त्यांत मोडी होती. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ मध्ये, अंशुमन पांडे या अभ्यासकाच्या प्रस्तावामुळे. एडिटरमध्ये ती टंकित करण्याची पद्धत पुढे नऊ वर्षांनी आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२३ मध्ये, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. सुरुवातीस मराठवाड्यापुरती असलेली तिची व्याप्ती पुढे राज्यभर वाढली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचू शकणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. एकाच वर्षी एकीकडे मोडी जाणणारे दुर्मीळ झाल्याची ओरड होती आणि दुसरीकडे जगभर विनामूल्य मिळणाऱ्या एका एडिटरमध्ये मोडी लिहिण्याची सोय झाली होती. एडिटरमुळे मोडी वाचता येत नाही, हे खरे. जुन्या दप्तरातील घसटलेले अक्षर ओळखायला माणसाचाच डोळा लागतो. पण वाचलेला मजकूर मोडीतच टंकित करून, शेजारी देवनागरी रूप ठेवून, दोन्हींत शोध घेता येईल असे दप्तर तयार करायचे झाल्यास साधन हाताशी आहे. सातारा-सांगलीकडील मोडी कागदांचा साठा पाहता हा उपयोग काल्पनिक नाही.

आता लेमचा मुद्दा. ईमॅक्समधील मराठीची आणि मोडीची कामे झाली ती कोणा मोठ्या संस्थेने ठरवून केलेली नाहीत. खुल्या स्रोतात हात घालण्याची ज्यांना गरज वाटली त्यांनी ती केली. लेम आज त्या टप्प्यावर आहे, ज्या टप्प्यावर ईमॅक्स नव्वदच्या दशकात होता: पाया तयार, भिंती उभ्या, आणि भारतीय लिप्यांचे दालन मोकळे. ईमॅक्समध्ये हे दालन सजवताना मराठी माणसे फारशी दिसली नाहीत. येथे ती दिसू शकतात. इनस्क्रिप्टचा तक्ता लेमसाठी लिस्पमध्ये लिहिणे हे संगणकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्राच्या प्रकल्पात जमण्याजोगे काम आहे. तीन प्रकारच्या अर्ध्या 'र'चा शोध एकत्र करणे त्याहून सोपे. खिडकीवाल्या अवतारात शब्द अखंड रेखाटला जाईल हे पाहणे अवघड, कारण तेथे लिस्पखालच्या सी भाषेतील ग्रंथालयांशीही गाठ पडते. 'सर्व काही लिस्पमध्ये' या लेमच्या घोषणेला तेथे मर्यादा आहे, हे मान्य करावे लागते. तरीही ईमॅक्सच्या चाळीस वर्षांच्या थरांपेक्षा लेमचा स्रोत आटोपशीर आहे, आणि शिकणाऱ्यासाठी तो मोठाच फायदा.

अशा कामाला लागणारे वातावरण महाराष्ट्रात अजिबात नाही असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. नागार्जुन जी. यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ रुजवली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे ते अध्यक्ष होते. पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सपासून लाटेकपर्यंतचे धडे मराठी आवाजात उपलब्ध करून दिले. त्यामुळे मुक्त साधने शिकण्यासाठी इंग्रजीची अट निदान सैल झाली. कडेगाव तालुक्यातील सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठाची स्थापना केली, तेव्हापासून या दुष्काळी पट्ट्यातील मुले पुण्याला शिकायला जाण्याची परंपराच पडली. आता त्यांतील कित्येक जण हिंजवडीत प्रोग्रामर आहेत. दिवसभर ते एडिटरमध्येच असतात, पण त्यात लिहितात इंग्रजी. गावाकडच्या सातबाऱ्यातील नाव शोधताना ते का सापडत नाही, याचे उत्तर त्यांना ठाऊक असते. दुरुस्ती करायची कोठे, तर कार्यालयीन साधनात त्यांना हात घालता येत नाही.

अडचणी अर्थातच आहेत. कॉमन लिस्प आपल्या महाविद्यालयांत क्वचितच शिकवली जाते. जावा आणि पायथॉन आले की अभ्यासक्रम संपतो, आणि नोकरीच्या जाहिरातीत लिस्पचे नाव शोधूनही सापडत नाही. लेमच्या चमूकडे मनुष्यबळ थोडे आहे. आज उत्साहात चाललेला प्रकल्प उद्या मंदावणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. लिस्पमधील हेमलॉक, क्लायमॅक्स असे एडिटर याआधी येऊन मागे पडले आहेत. तेव्हा मराठीचे सगळे घोडे लेमवर लावणे शहाणपणाचे नाही. पण येथे केलेले काम वाया जाते असेही नाही. टंकलेखनाचा तक्ता, अर्ध्या 'र'चा नियम, जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणणारी कोष्टके ही एकदा खुलेपणाने लिहून ठेवली की दुसऱ्या एडिटरमध्ये नेता येतात. ईमॅक्सच्या देवनागरी तक्त्यांचा आधार लेमसाठी घेता येईल, फक्त परवान्यांचा मेळ पाहावा लागेल: ईमॅक्सचा जीपीएल, लेमचा एमआयटी. पहिला म्हणतो की पुढची सुधारणाही खुलीच ठेवा, दुसरा तशी अट घालत नाही. त्यामुळे तक्ता उचलून न आणता इनस्क्रिप्टच्या प्रमाणकावरून नव्याने लिहिणे अधिक बरे.

राहता राहिला कळफलकाचा शासन निर्णय. देवनागरी अक्षरे छापलेले कळफलक कार्यालयांत येतील तसे येतील. त्याच निर्णयाच्या पुढच्या परिपत्रकात अर्धा 'र' नेमक्या कोणत्या प्रकारे साठवावा आणि शोध घेताना उरलेल्या दोन प्रकारांचाही विचार व्हावा, एवढी एक ओळ घातली, तर कऱ्हाडच्या आणि कडेगावच्या कचेऱ्यांतील बरीच नावे सापडू लागतील. त्यासाठी एडिटर बदलण्याचीही गरज नाही.